आई म्हणते, प्रभू यंदाच येणार, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन कशाला?

नगरची लेक

सगळ्यांना सलाम. मी माहेरची नगरची, लग्नानंतर चिंचवडला. आई नगरलाच असते, वय ७१. बाबा २०१९ मध्ये गेले. भाऊ नाशिकला.

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. डाव्याला आधीपासून कमीच दिसतं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस काढू नका. मागच्या महिन्यात तारीख घेतली, रक्त-साखर-बीपी सगळं तपासून झालं. भरती करायच्या दिवशी सकाळी सिस्टर हाताला प्लास्टिकचा पट्टा बांधायला आल्या. त्यावर नाव, नंबर आणि बारकोड. आईने उजवा हात झटक्यात पदराखाली ओढून घेतला. म्हणाली, "उजव्या हातावर खूण घेणार नाही." सिस्टरना काही कळेना. मला कळलं, पण बोलता येईना. आई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली ती बसलीच. आम्ही रिक्षा करून परत आलो.

हे कुठून आलं ते सांगते. वर्षभरापासून गल्लीत एक प्रार्थनेचा ग्रुप सुरू झालाय. चालवणारे बाहेरगावचे आहेत, त्यांचं नाव इथे घेत नाही. रोज मोबाईलवर क्लिपा येतात. लस म्हणजे श्वापदाची खूण (बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, उजव्या हातावर किंवा कपाळावर घ्यायला लावतात ती), आधार म्हणजे खूण, क्यूआर कोड म्हणजे खूण. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने २३-२४ सप्टेंबरला प्रभू मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, उचलून नेणार असं सांगितलं होतं, ते जगभर फिरलं. आईने ते दोन दिवस उपास केला. २४ तारखेला पहाटे मी फोन केला तर म्हणाली, "पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसलेय, तू पण प्रार्थना कर." त्या दिवशी काही झालं नाही. मला वाटलं आता संपलं. तर ग्रुपमध्ये सांगितलं की हिशेब थोडा चुकला, यंदा नक्की. आता आईला बँकेतली तीन लाखांची ठेव मोडून त्यांच्या सेवेला द्यायचीय. "पैसे कुणासाठी ठेवू?" म्हणते.

भाऊ चिडून बोलला, त्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

आणि खरं सांगू का, पट्टा आणि पैसे यांच्याहून मला रात्रीचं तिचं रडणं सहन होत नाही. बाबा उपासनेला आत कधी बसले नाहीत. आईला सायकलवर सोडायचे आणि बाहेर चिंचेखाली उभे राहायचे. ग्रुपमध्ये तिला सांगितलंय की असा माणूस न्यायाच्या दिवशी वाचत नाही. परवा अंधारात म्हणाली, "तुझ्या बाबांना मी परत बघणार नाही गं."

मी स्वतः नाताळ आणि ईस्टरलाच चर्चला जाणारी. शास्त्र मला येत नाही. मला तिचा विश्वास मोडायचा नाही, तिचा डोळा वाचवायचाय. शेवटच्या दिवसांबद्दल आपल्या शास्त्रात खरंच काय आहे, तिच्याशी काय बोलू, कुणी नीट सांगेल का?

संभाजीनगरचा भाऊ

सलाम ताई. मी पेंटेकॉस्टल मंडळीतला आहे. मंडळीच्या वर उचललं जाण्यावर माझा मनापासून विश्वास आहे, तेव्हा मी जे सांगतोय ते आतून सांगतोय असं आईंना सांगा.

आमच्याकडे क्रम असा शिकवतात. आधी प्रभू आपल्या मंडळीला मेघांत घेईल. मग सात वर्षांचं महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधक उठेल. मग प्रभू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येईल, हजार वर्षं राज्य करील, आणि शेवटी पांढऱ्या राजासनासमोर न्याय. सात वर्षांचा हिशेब दानीएलाच्या ९व्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांवरून (एक सप्तक म्हणजे सात वर्षं) लावतात. ही सगळी मांडणी एका सूत्रात आणली जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश धर्मोपदेशकांनी, १८३०च्या सुमारास, आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांच्या बायबलमुळे ती घरोघरी पोचली. आमच्या आजोबांकडेही ते होतं, समासात लाल पेन्सिलने खुणा केलेलं.

आता नीट लक्ष द्या. ही शिकवण मानली, तर श्वापदाची खूण कधी येते? महासंकटात. म्हणजे मंडळी उचलली गेल्यानंतर. आई अजून नगरमध्ये आहेत, त्यांचे पाळक आहेत, मंडळी आहे. मग दवाखान्यातला पट्टा ती खूण असणार तरी कशी? त्यांच्याच ग्रुपच्या शिकवणीत हे बसत नाही.

दुसरी गोष्ट, प्रकटीकरण १४ मध्ये खूण घेणं आणि श्वापदाला नमन करणं एकत्रच सांगितलंय. कुणी झोपेत, चुकून, ऑपरेशनच्या टेबलावर ती खूण घेत नाही. जो घेतो तो प्रभूला सोडून दुसऱ्यापुढे गुडघे टेकून घेतो.

पैशांबद्दल मला राग येतो म्हणून थोडक्यात लिहितो. आम्ही दशांश देतो, आनंदाने देतो. पण विधवेची ठेव मोडायला लावणारा माझा भाऊ नाही. दक्षिण कोरियात एका पंथाच्या नेत्याने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख देऊन हजारो लोकांना थांबवून ठेवलं होतं. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. त्या नेत्याकडे १९९३ मध्ये मुदत संपणारे रोखे निघाले, आणि तो तुरुंगात गेला. आईंना एवढंच विचारा, ग्रुपवाले स्वतःच्या ठेवी मोडतायत का?

शाळेतल्या बाई

बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि रविवारची शाळा अजून घेते. पाळक नाही, ईश्वरविज्ञानाची पदवी नाही. पण तुझ्या आईच्या वयाची आहे आणि तिची भीती मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची आजी राहुरी तालुक्यातली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दहा कुमारींचा दाखला, म्हणजे दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या मुलींची प्रभूने सांगितलेली गोष्ट, तिला तोंडपाठ. रोज रात्री निजायच्या आधी ती कंदील खाली घ्यायची, काच राखेने पुसायची, वात कात्रीने सारखी करायची आणि टाकीत रॉकेल काठोकाठ भरायची. आम्हाला वीज आली तरी तिने हे सोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वर रात्रीच येतो म्हणतात." आणि हीच आजी दर वैशाखात दोन बरण्या कैरीचं लोणचं घालायची. एक खायला, एक मुरायला. मुरायची बरणी पुढल्या वर्षी उघडायची. प्रभू आज रात्री येईल यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि पुढल्या वर्षी नातवंडांच्या ताटात लोणचं लागेल हेही तिला ठाऊक होतं. तिच्या मनात या दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. तुझ्या आईला सांगायचं ते मला मुळात एवढंच सांगायचंय.

आता शास्त्रात काय आहे ते. तारखेचा प्रश्न मत्तय २४:३६ मध्ये प्रभूनेच मिटवलाय. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिष्य पुन्हा तेच विचारतात, तेव्हाही उत्तर तेच, काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही. आणि तो वर घेतला गेल्यावर ते आभाळाकडे बघत उभे राहिले, तर दोन पुरुष म्हणाले, आकाशाकडे बघत का उभे आहात? मग ते यरुशलेमात परत गेले आणि प्रार्थनेला लागले. ओट्यावर बसलेल्या आईला ही गोष्ट आवडेल.

तारीख काढणारे सगळे लबाड असतात असं मात्र म्हणू नकोस, तिला लागेल. विल्यम मिलर नावाचा अमेरिकेतला शेतकरी, न्यूयॉर्क राज्यातला बाप्टिस्ट. अत्यंत प्रामाणिक माणूस. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरून, इ.स.पू. ४५७ पासून मोजत तो १८४३च्या आसपास आला. ते वर्ष सरलं, मग त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. काहींनी शेतातले बटाटे न काढता तसेच ठेवले. रात्रभर जागे राहिले, आणि पहाट झाली तेव्हा लहान मुलांसारखे रडले. इतिहासात त्या दिवसाला महानिराशा म्हणतात. मिलर पाच वर्षांनी वारला, येण्याची आशा न सोडता. त्या चळवळीतूनच पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं, पुण्यात स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते त्यांचंच. तेही आज तारीख सांगत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर, आणि पुढल्या वर्षी तारीख काढणं हे पाप होतं असं त्याने जाहीर कबूल केलं. प्रामाणिक माणूससुद्धा इथे चुकतो, कारण जे उत्तर दिलेलंच नाही ते तो काढायला जातो.

खुणेचं सांगते. प्रकटीकरण हे योहानाने पात्म बेटावरून सात मंडळ्यांना धाडलेलं पत्र आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळ्या आजच्या तुर्कस्तानात. बहुतेक अभ्यासक ते इ.स. ९५च्या सुमाराचं धरतात, रोमन सम्राट दोमितियनच्या वेळचं. पर्गममध्ये ऑगस्टस सम्राटाचं देऊळ होतं. सम्राटाला देव म्हणा, धूप घाला, नाहीतर बाजारात, कारागिरांच्या संघात तुम्हाला जागा नाही, अशी त्या माणसांवर वेळ होती. खुणेशिवाय विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही, हे त्यांनी वाचलं तेव्हा त्यांना बारकोड दिसला नसेल, आपल्या गावचा बाजार दिसला असेल. ६६६ म्हणजे कोण? हिब्रूत अक्षरांना आकडे असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नेरो, असं लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नेरोचं नाव लॅटिन वळणाने लिहिलं की ६१६ येते. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत, पण मला पटतं.

आणि उजवा हात, कपाळ हे कुठून आलं? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा ६वा अध्याय काढ. देवाच्या आज्ञा हाताला चिन्हासारख्या बांध, डोळ्यांच्या मध्ये लाव. हात म्हणजे आपण करतो ते, कपाळ म्हणजे आपण मनात धरतो ते. श्वापद त्याचीच नक्कल करतं. आणि हे तुझ्या आईला कुणी सांगितलंय का बघ, १३व्या अध्यायात श्वापदाची खूण आहे, तर १४व्याच्या पहिल्याच ओळीत कोकऱ्याबरोबरच्या, म्हणजे ख्रिस्ताबरोबरच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी तिच्या कपाळाला पाणी लावलं ना? मग तिच्या कपाळावर आधीच एक नाव आहे. प्लास्टिकच्या पट्ट्याने ते पुसलं जात नाही.

आता डोळ्याचं. ही ओळ मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकवली असेल, पण तुझं पत्र वाचताना मला ती पहिल्यांदा दिसल्यासारखी झाली. प्रकटीकरण ३:१८. लावदिकीयाच्या मंडळीला प्रभू म्हणतो, तुला दिसावं म्हणून डोळ्यांत घालायला माझ्याकडून अंजन विकत घे. हे आत्म्याच्या आंधळेपणाबद्दल आहे, ते मी लपवत नाही. पण त्या भागात डोळ्यांचं औषध खरोखर होत असे असं अभ्यासक सांगतात, आणि प्रभूला त्या औषधाचा विटाळ नव्हता. त्याने त्याचाच दाखला घेतला. ज्या पुस्तकाच्या भीतीने आई दवाखान्यातून उठून आली, त्याच पुस्तकात डोळ्यांना औषध लाव असं लिहिलंय. तिला हे तू वाचून दाखव. समजावून सांगायला जाऊ नकोस, नुसतं वाच.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. प्रभूचं येणं जवळ आहे असं वाटावं असेच ते दिवस. पण पंडिता रमाबाईंनी शेत पडू दिलं नाही, छापखाना बंद केला नाही. आंधळ्या मुलींना तिथे ब्रेल शिकवत. आणि रमाबाई स्वतः मूळ हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत. प्रभू उद्या येणार म्हणून त्यांनी आंधळ्या मुलीला वाचायला शिकवायचं थांबवलं नाही.

राहिले तुझे बाबा. इथे माझा हात जरा थांबतो.

थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झालं होतं. प्रभू येणार म्हणून लोक वाट बघत होते, आणि मध्येच त्यांची माणसं मेली. आता त्यांचं काय? पौलाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय, मेघांत उचलले जाण्याची जी वचनं क्लिपांमध्ये दाखवतात ती या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेली आहेत. शेवटची ओळ आहे, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वनासाठी लिहिलेलं वचन घेऊन कुणी विधवेला रडवत असेल तर ते वचन चुकीच्या हातात पडलंय. (आणि दुसऱ्या पत्रात त्याच मंडळीला पौल लिहितो की येण्याच्या नावाखाली कामधंदा सोडून बसू नका. तेही वाच.)

न्याय होणार हे मी मानते. पापाचा हिशेब नाही असं म्हणणारी मी नाही. नगरच्या त्या दुष्काळात, आमच्या आई-आजीने सांगितलेल्या, ज्यांनी धान्य दाबून ठेवलं त्यांना कुणी विचारणारच नाही का? न्यायाचा दिवस ही गरिबाला आशा आहे. पण मत्तय २५ मध्ये राजा काय विचारतो ते बघ. मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका, उघडा, आजारी, बंदीत होतो. आणि उजवीकडचे काय म्हणतात? प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आपण केलेलं माहीतच नाही. डावीकडचेही तेच विचारतात. दोन्हीकडचे चकित होतात. जिथे स्वतःबद्दलच माणसाला नक्की कळत नाही, तिथे चिंचेखाली उभ्या राहिलेल्या माणसाचा निकाल गल्लीतल्या ग्रुपने कसा लावला? कृपेने तारण हे आपण मानतो, कर्माने नाही. त्यातून कुणी बाबांना नक्की वाचले म्हणेल तर ते मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण गेले असं म्हणायचा अधिकारही कुणाला नाही. न्याय करणाऱ्याच्या हातांत खिळ्यांचे वण आहेत, एवढं मला ठाऊक आहे.

आईला विचार, बाबा काय करायचे. चर्चमध्ये काय केलं ते नको विचारू. दिवसभर काय करायचे ते विचार.

वसईकर

बाईंनी इतकं लिहिल्यावर माझं थोडंच. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे हजार वर्षांचं राज्य शब्दशः घेत नाहीत. संत ऑगस्टिन यांच्यापासून ते आजच्या मंडळीच्या काळाचं चित्र मानतात. मेल्याबरोबर प्रत्येकाचा न्याय, आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा एकत्र, असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं. दर रविवारी मिस्सामध्ये आम्ही म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. चौथ्या शतकापासूनचे हे शब्द आहेत, आणि त्यांत तारीख नाही.

ताई, तुमच्या आईंच्या रडण्याबद्दल. तुमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, मला माहीत आहे. आमच्यात करतात, कारण काही आत्मे अजून शुद्ध व्हायचे असतात आणि आपली प्रार्थना त्यांना पोचते असं आम्ही मानतो. २ नोव्हेंबरला आमचं अख्खं गाव संध्याकाळी कबरस्तानात असतं. माझे वडील दारू प्यायचे. आईला त्रास दिला, आम्हाला दिला. तरी आई दर वर्षी त्यांच्या कबरीवरचं गवत हाताने उपटते, झेंडू आणि शेवंती मांडते, वाऱ्याने मेणबत्ती विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरून बसते. मी एकदा रागाने विचारलं, एवढं कशाला? म्हणाली, "त्यांचा हिशेब देवाकडे चाललाय, मी मध्ये दोन शब्द टाकते."

तुमच्या आईंना हे पटेलच असं नाही. पण नवऱ्यासाठी देवापाशी रडायची त्यांना लाज वाटू देऊ नका.

नगरची लेक

बाई, दादा, सगळ्यांना. तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

शनिवारी नगरला गेले. भावाला आधीच सांगितलं होतं की तू काही बोलू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, मला अक्षर दिसत नाही, तू वाच. रोज कुणाकडून तरी वाचून घेते ती. मी लावदिकीयाचं पत्र काढलं. अंजनाची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग बराच वेळ काही बोलली नाही. मी दादांनी सांगितलेलं हळूच विचारलं, की खूण मंडळी उचलल्यावर ना? ती म्हणाली, "हो, तसंच सांगतात." आणि स्वतःच म्हणाली, "मग आत्ता कशी?"

बाबांचं मी दुसऱ्या दिवशी विचारलं, भांडी घासताना. बाबा एसटीत कंडक्टर होते. आई म्हणाली, हिशेब भरायला गेले की महिन्यातून दोन-तीनदा पैसे कमी पडायचे, आणि ते पगारातून भरायचे. ती भांडायची, तुम्हाला मोजता येत नाही का म्हणून. कितीतरी वर्षांनी त्यांच्याबरोबरच्या ड्रायव्हरकाकांनी तिला सांगितलं. सिव्हिलला जाणारी म्हातारी माणसं असायची, पैसे नसायचे, बाबा तिकीट फाडून हातात द्यायचे आणि पैसे मागायचे नाहीत. आईला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे सांगताना तिचा हात पातेल्यातच राहिला. मी तिला बाईंचं मत्तय २५ सांगितलं नाही, गरज पडली नाही. तिचं तिलाच आठवलं. म्हणाली, "आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात, असं आहे ना गं ते?" मी म्हटलं, आहे.

ग्रुपला ती अजून जाते. मी अडवलं नाही. ठेव मोडलेली नाही. मागच्या रविवारी मंडळीच्या पाळकांशी ती स्वतः बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. सिस्टर पट्टा घेऊन आल्या तेव्हा आईने डावा हात पुढे केला. मी सिस्टरकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, चालेल की. पट्टी दुसऱ्या दिवशी काढली. दिवसातून चार वेळा थेंब आहेत, मी घड्याळ लावून घालते. चष्म्याचा नंबर महिन्याने देणार. काल उशीखालून पवित्र शास्त्र काढून पान नाकाशी धरून बघत होती, मी ओरडले. म्हणाली, शीर्षकं दिसतात, बारीक अक्षर चष्मा आला की. आता प्रकटीकरण पहिल्या अध्यायापासून स्वतः वाचायचंय तिला.